वाचनालयाची ओळखपत्रे आणि ग्रंथसूची: डेटा मर्जने छापण्याचा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगर भागात आमचे एक छोटे सार्वजनिक वाचनालय आहे. ऑगस्ट २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात या वाचनालयासाठी आम्ही अकराशे सभासदांची छायाचित्रासह ओळखपत्रे आणि सुमारे चौदा हजार पुस्तकांची ग्रंथसूची छापून घेतली. दोन्ही कामे एकाच तत्त्वावर झाली. बदलणारी माहिती मजकुराच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची, पानाची मांडणी एकदाच करायची आणि संगणकाने फाइलमधली एकेक ओळ उचलून ती त्या मांडणीत भरायची. छपाईच्या व्यवसायातले लोक याला ‘डेटा मर्ज’ किंवा ‘व्हेरिएबल प्रिंटिंग’ म्हणतात. इंग्रजी मजकुरासाठी याची माहिती मुबलक आहे. मराठी मजकूर घेऊन बसल्यावर मात्र नव्या अडचणी येतात आणि त्यांची उत्तरे एका जागी सापडत नाहीत. मी बँकेतून निवृत्त झाले असून वाचनालयाच्या कार्यकारिणीत काम करते. हे काम हाती घेतले तेव्हा मनावर मोठे दडपण होते, म्हणून जे जे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

ऑगस्टच्या मासिक सभेत विषय निघाला तो जुन्या ओळखपत्रांचा. हाताने लिहिलेली पुठ्ठ्याची पत्रे फाटली होती, शाई उडाली होती आणि दोन सभासदांना एकच क्रमांक दिल्याची उदाहरणेही ग्रंथपालबाईंनी दाखवली. ग्रंथसूचीची मागणी ज्येष्ठ सभासदांची होती. त्यांना संगणकावर शोधण्यापेक्षा टेबलावर ठेवलेले पुस्तक उलटून पाहणे सोयीचे वाटते. मराठी भाषा गौरव दिनी, म्हणजे २७ फेब्रुवारीला, दोन्ही गोष्टी तयार असाव्यात असा ठराव झाला. कुसुमाग्रजांच्या गावातल्या वाचनालयाने त्यांच्या जन्मदिनी हे करावे, ही भावना सर्वांचीच होती. ठराव इतिवृत्तात नोंदवून घेणे आवश्यक होते, कारण लेखापरीक्षक खर्चाच्या पावतीबरोबर ठराव आणि तीन दरपत्रके मागतात. ज्यांना संस्थेसाठी असे काम करायचे आहे त्यांनी हे कागद पहिल्याच महिन्यात जमवावेत, कारण नंतर सभा महिन्यातून एकदाच होत असल्याने एका सहीसाठी चार-चार आठवडे थांबावे लागते.

सप्टेंबरमध्ये जुनी माहिती हाती आली आणि कामाचे खरे स्वरूप कळले. सभासदांची यादी काही वर्षांपूर्वी एका डीटीपी केंद्रातून टंकित करून घेतलेली होती, पण ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, नव्हती. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटांमध्ये पडद्यावर मराठी दिसते, परंतु फाइलच्या आत रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. तो विशिष्ट फाँट काढून घेतला की मजकूर निरर्थक चिन्हांचा होतो. अशा फाइलवर अकारविल्हे क्रम लावता येत नाही, नाव शोधता येत नाही आणि ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येत नाही. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत आणि ती बहुतांश काम नीट करतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे या तीन जागी ती अडखळतात. जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा असतो. त्यामुळे ‘कीर्ती’, ‘वर्षा’, ‘सिद्धार्थ’ अशी नावे हमखास बिघडलेली मिळाली. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘बऱ्हाटे’ या आडनावांतला ‘ऱ’ तर जवळजवळ प्रत्येक वेळी हाताने दुरुस्त करावा लागला. ‘ॲड.’ या उपाधीतला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फाइलींत तो वेगवेगळ्या क्लृप्त्यांनी लिहिलेला आढळतो.

या टप्प्यावर मी एक गोष्ट ठरवली आणि ती शेवटपर्यंत पाळली: रूपांतरित झालेले प्रत्येक नाव मूळ अर्जाशी ताडून पाहायचे. संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर ग्रंथपालबाई अर्ज वाचत आणि मी पडद्यावर पाहत असे. हे काम कंटाळवाणे होते, पण माणसाचे नाव चुकीचे छापणे म्हणजे त्याचा अनादर करणे होय, असे आम्हा दोघींनाही मनापासून वाटत होते. ‘प्रतिक्षा’ की ‘प्रतीक्षा’, ‘पुजा’ की ‘पूजा’ असा प्रश्न आला की शुद्धलेखनाच्या नियमापेक्षा सभासदाने स्वतः अर्जावर जे लिहिले आहे ते प्रमाण मानले.

नावे शुद्ध झाल्यावर रकान्यांची रचना केली. एका रकान्यात एकच गोष्ट, हा नियम कसोशीने पाळावा लागतो. जुन्या यादीत संपूर्ण पत्ता एकाच घरात होता आणि त्यात मध्येच ओळ तोडलेली होती. मर्ज करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ओळ तुटली म्हणजे नोंद संपली. त्यामुळे अशा एका घरामुळे पुढची सगळी माहिती एका पायरीने सरकते. आम्ही पत्त्याचे चार रकाने केले: घर आणि इमारत, रस्ता किंवा कॉलनी, भाग, आणि पिनकोड. नावाचेही तीन रकाने केले, कारण ओळखपत्रावर नाव आधी आणि आडनाव शेवटी येते, तर नोंदवहीच्या छापील यादीत आडनाव आधी लागते.

एक्सेलच्या सवयी येथे नीट माहीत असाव्या लागतात. सभासद क्रमांक ००४७ लिहिला की एक्सेल आधीची शून्ये टाकून देते. फ्लॅट क्रमांक ३/४ लिहिला की तो एप्रिल महिन्यातली तारीख होतो, आणि नाशिकच्या जुन्या सोसायट्यांत अशा तिरक्या रेघेचे क्रमांक घरोघरी आहेत. भ्रमणध्वनीचा दहा आकडी क्रमांक अरुंद रकान्यात घातांकाच्या रूपात दिसू लागतो, आणि मजकुराची फाइल साठवताना मूळ क्रमांक हरवण्याचा धोका राहतो. या सर्वांवर उपाय एकच: माहिती भरण्यापूर्वी सर्व रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा. नंतर केला तर तारीख झालेला फ्लॅट पुन्हा फ्लॅट होत नाही.

ऑक्टोबरमध्ये छायाचित्रे आणि संमतिपत्रे गोळा केली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आहे. आमच्यासारख्या लहान संस्थेनेही सभासदांची माहिती कशासाठी घेतली आणि ती कोठे छापणार हे लेखी सांगितले पाहिजे, असे कार्यकारिणीतील एका वकील सदस्यांनी सुचवले. त्यावरून एक पानी अर्ज तयार झाला. याच चर्चेत ओळखपत्रावर पत्ता आणि फोन छापू नये, फक्त नाव, क्रमांक, छायाचित्र आणि सभासदत्वाचे वर्ष असावे, असे ठरले. क्यूआर कोडमध्येही केवळ सभासद क्रमांकच ठेवला. हरवलेले ओळखपत्र कोणाच्या हाती पडले तरी त्यातून घरचा पत्ता कळू नये, हा विचार मला फार योग्य वाटला.

छायाचित्रांसाठी रविवारी सकाळी वाचनालयातच पांढऱ्या पडद्यापुढे सोय केली. जे येऊ शकले नाहीत त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवली. ओळखपत्रावर छायाचित्राची चौकट २२ बाय २८ मिलिमीटरची होती. ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) या छपाईच्या मापाने त्यासाठी साधारण २६० बाय ३३० पिक्सेल पुरतात, म्हणून व्हॉट्सॲपवरची छायाचित्रेही चालून गेली. प्रत्येक छायाचित्राला सभासद क्रमांकाचेच नाव दिले आणि तेही इंग्रजी अंकांत, कारण फाइलच्या नावात मराठी अक्षरे असतील तर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना दुवा तुटण्याचा धोका राहतो.

दरपत्रकांसाठी शालिमार, मेन रोड आणि सातपूर औद्योगिक वसाहत अशा तीन ठिकाणच्या छापखान्यांशी बोलले. त्या वेळी राज्यात विधानसभेची निवडणूक जाहीर झाली होती आणि २० नोव्हेंबरला मतदान होते. पत्रके आणि मतदार चिठ्ठ्यांच्या कामामुळे कोणालाही बोलायला सवड नव्हती. एका छापखान्याच्या काकांनी मात्र समोरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा दाखवून सांगितले, “ताई, तुमचं काम हेच आहे. यादी वेगळी, चिठ्ठी एक. फक्त आम्ही हे कोरलमध्ये प्रिंट मर्जने करतो.” कोरलड्रॉ या चित्र-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे आणि आपल्याकडचे असंख्य छापखाने तीच वापरतात. आमच्या कामात प्रत्येक कार्डावर वेगळे छायाचित्र आणि युनिकोड मराठी असल्याने आम्ही इनडिझाइन हे पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर घेण्याचे ठरवले. नाशिककरांना या प्रकारची छपाई तशी परकी नाही. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तेथे प्रत्येक नोटेचे चित्र सारखे आणि क्रमांक मात्र वेगळा असतो.

दरांमध्ये बराच फरक निघाला. पीव्हीसी कार्डासाठी प्रत्येकी २६ रुपये, तर ३०० जीएसएम कागदावर छापून दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेल्या कार्डासाठी ११ रुपये दर मिळाला. आम्ही दुसरा पर्याय घेतला. जीएसटी वेगळा होता. दरपत्रकात तो समाविष्ट आहे की नाही हे लेखी विचारून घ्यावे, कारण तोंडी सांगितलेल्या दरात तो बहुधा धरलेला नसतो. मतदान झाल्यावरच काम हातात घेऊ असे सर्वांनी सांगितल्यामुळे नोव्हेंबर जवळजवळ वाट पाहण्यातच गेला. तो काळ मी सॉफ्टवेअर शिकण्यात घालवला. इनडिझाइनची मासिक वर्गणी घेतली आणि तो खर्च वाचनालयाला देणगी म्हणून दिला. ज्यांना हा खर्च नको असेल त्यांनी स्क्रायबस हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर पाहावे. ते विनामूल्य आहे, जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे नीट उमटतात, आणि ‘स्क्रायबस जनरेटर’ नावाची स्क्रिप्ट जोडली की सीएसव्ही फाइलमधली (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमधली) माहिती पानात भरता येते.

डिसेंबरच्या सुरुवातीला प्रत्यक्ष जोडणी सुरू केली. पहिला अडथळा आला तो फाइल साठवण्याच्या प्रकाराचा. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात साठवले की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि ती परत अक्षरे होत नाहीत. म्हणून मूळ एक्सेल फाइल वेगळी जपून ठेवावी. यूटीएफ-८ प्रकारातली (युनिकोड मजकूर साठवण्याची एक पद्धत) सीएसव्ही वापरली तर एक्सेलमध्ये सर्व ठीक दिसते, पण माझ्याकडच्या इनडिझाइनने ती वेगळ्याच संकेतात वाचली. एक्सेलमधला ‘युनिकोड टेक्स्ट’ हा पर्याय मात्र बरोबर चालला. त्यात फाइल यूटीएफ-१६ मध्ये साठवली जाते आणि रकाने टॅबने वेगळे होतात. टॅबचा दुसरा फायदा असा की पत्त्यातल्या स्वल्पविरामांमुळे रकाने फुटण्याची भीती राहत नाही. इनडिझाइनमध्ये विंडो या मेनूत युटिलिटीज आणि त्याखाली डेटा मर्ज असे पटल आहे. त्यातून माहितीचा स्रोत निवडताना आयातीचे पर्याय दाखवण्याच्या खुणेवर टिचकी मारावी, म्हणजे संकेतपद्धती आणि विभाजक स्वतः निवडता येतात.

फाइलची पहिली ओळ ही रकान्यांच्या नावांची असते आणि तीच नावे पटलात दिसतात. छायाचित्राच्या रकान्याच्या नावाआधी @ हे चिन्ह आणि क्यूआरच्या रकान्याआधी # हे चिन्ह द्यावे लागते. एक्सेलला @ ने सुरू होणारा मजकूर सूत्र वाटतो व ते तक्रार करते, म्हणून त्याच्याही आधी एकेरी अवतरणचिन्ह टंकावे. छायाचित्रे आणि मजकुराची फाइल एकाच फोल्डरमध्ये असतील तर रकान्यात केवळ छायाचित्राचे नाव पुरते, लांबलचक मार्ग लिहावा लागत नाही. पानावर मजकुराची चौकट काढून त्यात पटलातले नाव टाकले की दुहेरी कोनी कंसात «नाव» असे स्थानदर्शक दिसते. पूर्वदृश्य सुरू करताच त्याच्या जागी पहिल्या सभासदाचे नाव उमटले, तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

अर्थात ते नाव मोडलेल्या जोडाक्षरांसह उमटले होते. इनडिझाइनमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर, म्हणजे अक्षरे जुळवणारी यंत्रणा, निवडावा लागतो. ही निवड परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच करून ठेवावी आणि स्थानदर्शकाला ती स्टाइल लावावी, म्हणजे मर्ज झालेल्या प्रत्येक नोंदीला ती आपोआप मिळते. तेथेच भाषा मराठी निवडली आणि फाँटात सोय असली तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत ही वळणे प्रमाण ठरवली आहेत, आणि मराठी वाचनालयाच्या ओळखपत्रावर ती असावीत असा माझा आग्रह होता. फाँट म्हणून ‘मुक्त’ वापरला. तो विनामूल्य मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

मांडणी करताना सर्वांत लांब नाव डोळ्यांपुढे ठेवावे, हे त्या दिवसांतले माझे सर्वांत उपयोगी शिक्षण. साधारण नाव घेऊन सुबक मांडणी केली की लांब नाव चौकटीबाहेर जाऊन अदृश्य होते, आणि छापून येईपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. एक्सेलमध्ये लांबी मोजण्याचे सूत्र आहे, पण ते काना, मात्रा, वेलांट्या आणि हलन्तही वेगळे मोजते. ‘ज्ञानेश्वर’ची लांबी त्या हिशेबाने दहा येते, तर ‘जगनमामा’ची सात, कागदावर मात्र दोघांची रुंदी जवळपास सारखीच असते. म्हणून सूत्राने वरची पन्नास नावे काढून ती एकेक करून पूर्वदृश्यात पाहिली आणि अक्षराचा आकार त्यांतल्या सर्वांत रुंद नावाला बेतून ठरवला. मर्ज करताना न मावलेल्या मजकुराचा अहवाल मागण्याचा पर्यायही आहे, तो कधीही वगळू नये.

पत्त्याच्या पट्ट्या आम्ही याच फाइलमधून केल्या, कारण बाहेरगावी गेलेल्या काही सभासदांना ओळखपत्रे टपालाने पाठवायची होती. येथे रिकाम्या रकान्यांचा प्रश्न आला. सगळ्यांच्या पत्त्यात चार ओळी नसतात आणि मध्ये रिकामी ओळ राहिली की पट्टी विचित्र दिसते. रिकाम्या क्षेत्रांच्या ओळी काढून टाकण्याचा पर्याय डेटा मर्जमध्ये आहे, परंतु त्या ओळीत स्थानदर्शकाखेरीज एखादा स्वल्पविराम किंवा नुसती मोकळी जागा असली तरी ओळ तशीच राहते. त्यामुळे विरामचिन्हे मांडणीत न ठेवता फाइलमधल्या माहितीबरोबरच ठेवली.

ओळखपत्राचे माप बँकेच्या कार्डाएवढे, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर ठेवले. छापखान्याचा डिजिटल यंत्राचा कागद १३ बाय १९ इंची होता आणि त्यावर कापण्याच्या खुणांसह २१ कार्डे बसत होती. एका पानावर अनेक नोंदी भरण्याचा पर्याय घ्यायचा असेल तर मांडणीची फाइल एकाच पानाची असावी लागते, म्हणून सर्वांना समान असलेली मागची बाजू वेगळ्या फाइलमध्ये केली. मग प्रश्न आला क्रमाचा. नोंदी जशाच्या तशा भरल्या असत्या तर कापल्यानंतर अकराशे कार्डे विस्कळीत क्रमाने हाती आली असती आणि ती पुन्हा लावण्यातच दिवस गेले असते. छापखान्याच्या काकांनी त्यावर युक्ती सांगितली. अकराशे कार्डांना ५३ कागद लागतात. तेव्हा पहिल्या कागदावर १, ५४, १०७ असे क्रमांक यावेत, दुसऱ्यावर २, ५५, १०८ असे यावेत. सगळे कागद एकावर एक रचून कापले की पहिल्या गठ्ठ्यात १ ते ५३, दुसऱ्यात ५४ ते १०६ असे क्रमाने मिळतात. हा क्रम मांडणीत काही न बदलता एक्सेलमध्ये एक वेगळा रकाना घालून लावता येतो. ५३ कागदांवर १,११३ जागा होतात, म्हणून उरलेल्या तेरा जागांसाठी ‘नमुना’ असे लिहिलेल्या ओळी जोडल्या.

इतकी छायाचित्रे असलेला मर्ज केलेला दस्तऐवज अतिशय जड होतो. त्याऐवजी डेटा मर्जमधून थेट पीडीएफ काढावी आणि तीही टप्प्याटप्प्याने. आम्ही एका वेळी २१० नोंदी, म्हणजे दहा कागद, असे भाग केले.

जानेवारीत ग्रंथसूची हाती घेतली आणि तिने ओळखपत्रांपेक्षा अधिक कस पाहिला. डेटा मर्ज प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र चौकट तयार करते. कार्डासाठी ते योग्य आहे, पण सूचीत एका पुस्तकाची नोंद एका ओळीत संपते, दुसऱ्याची तीन ओळींत जाते, आणि मजकूर एका स्तंभातून दुसऱ्यात सलग वाहायला हवा. समान चौकटी ठेवल्या असत्या तर कितीतरी कागद मोकळ्या जागेत वाया गेला असता. त्यासाठी इनडिझाइनच्या ‘टॅग्ड टेक्स्ट’ची मदत झाली. ही साधी मजकुराची फाइल असते. तिच्या पहिल्या ओळीत फाइल कोणत्या संकेतात आणि कोणत्या संगणकप्रणालीवर तयार झाली ते सांगणारी खूण असते, आणि पुढे प्रत्येक परिच्छेदाआधी कोनी कंसात त्याच्या स्टाइलचे नाव लिहिलेले असते. एक्सेलमध्ये एक सूत्र लिहून लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, वर्गांक (विषयाचा क्रमांक) आणि दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयाच्या नोंदवहीत नोंदवताना दिलेला क्रमांक) हे सर्व रकाने या खुणांसह जोडले, तो रकाना नोटपॅडमध्ये नेऊन यूटीएफ-१६ प्रकारात साठवला, आणि मग तीन स्तंभांच्या पानावर ही फाइल ठेवताना शिफ्ट कळ दाबून धरली. पाने आपोआप वाढत गेली आणि चौदा हजार नोंदी शीर्षक ठळक व दाखल क्रमांक उजव्या कडेला अशा मांडणीत १३६ पानांत बसल्या.

अकारविल्हे क्रमावर मात्र कार्यकारिणीत चांगलीच चर्चा झाली. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही संगणकाच्या दृष्टीने जोडाक्षरे असल्याने ती ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात, परंतु मराठी वाचक त्यांना वर्णमालेच्या शेवटी शोधतो. ज्येष्ठ सभासद शाळेत शिकलेल्या क्रमानेच शोधणार, हे ओळखून आम्ही तो क्रम स्वीकारला आणि त्यासाठी केवळ क्रम लावण्यापुरता एक रकाना तयार केला, जो छापला जात नाही. लेखकांच्या नावांतली विविधताही तेथेच एकसारखी केली, ‘वि. वा. शिरवाडकर’ आणि ‘कुसुमाग्रज’ या दोन्ही नावांखाली नोंदी ठेवून एकमेकींकडे निर्देश दिला. दाखल क्रमांकांना मात्र हात लावला नाही. दाखल नोंदवही ही वार्षिक तपासणीत पाहिली जाणारी मूळ नोंद आहे. तिच्यातला क्रमांक सूचीच्या सोयीसाठी बदलता येत नाही.

प्रुफे तपासताना एक शिस्त फार महत्त्वाची ठरली. छापील प्रुफावर आढळलेली कोणतीही दुरुस्ती इनडिझाइनच्या पानावर करायची नाही. ती एक्सेलमध्ये, दाखल क्रमांक शोधून करायची आणि फाइल पुन्हा पानात घ्यायची. पानावर पटकन एक वेलांटी सुधारण्याचा मोह होतो, पण पुढच्या वेळी फाइल नव्याने घेतली की ती दुरुस्ती पुसली जाते आणि वाचनालयाच्या कायमच्या यादीत चूक तशीच राहते. प्रुफे वाचायला निवृत्त शिक्षकांनी मोठ्या प्रेमाने मदत केली. त्यांना प्रत्येकी काही पाने वाटून दिली आणि दुरुस्त्यांसाठी एक छापील तक्ता दिला: दाखल क्रमांक, रकाना, चूक, बरोबर. या तक्त्यामुळे एकही दुरुस्ती हरवली नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पीडीएफ छापखान्यात दिल्या. नमुन्याचा पहिला कागद आला तेव्हा त्यावरची जोडाक्षरे तुटलेली होती. आमच्या पडद्यावर तीच पीडीएफ निर्दोष दिसत होती. चौकशी केल्यावर कळले की तेथील ऑपरेटरने कापण्याच्या खुणा सरकवण्यासाठी ती कोरलड्रॉमध्ये उघडली होती, आणि त्या रूपांतरात मजकुराचे तुकडे झाले होते. मालकांनी लगेच दखल घेऊन पीडीएफ थेट यंत्राकडे पाठवली आणि पुढचा कागद अगदी स्वच्छ आला. मराठी पीडीएफ देताना ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये संपादनासाठी उघडू नये असे कार्यादेशावरच लिहावे, आणि संपूर्ण छपाईआधी एक कागद मागून त्यावर सही करावी. काही सेवांमध्ये या सहीच्या कागदाचे वेगळे पैसे लागतात. आम्हाला लागले नाहीत.

ओळखपत्रांचा खर्च १२,१०० रुपये आणि त्यावर कर इतका आला. ग्रंथसूचीच्या पन्नास प्रती डिजिटल यंत्रावर काळ्या शाईत छापल्या आणि बांधणीसह प्रत्येक प्रतीला १८० रुपये पडले. एवढ्या थोड्या प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च परवडला नसता. यादी, दुरुस्त्या आणि मांडणी घरच्या घरी झाल्यामुळे डीटीपीचा खर्च वाचला, परंतु त्यासाठी जो वेळ लागतो तो हाताशी असलेल्यांनीच हा मार्ग घ्यावा. नाहीतर शुद्ध केलेली फाइल तयार करून मांडणी व्यावसायिकाकडून करून घ्यावी, हे अधिक व्यवहार्य ठरेल.

२७ फेब्रुवारीला गुरुवार होता. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत ओळखपत्रांचे वाटप झाले. गठ्ठे क्रमाने लागलेले असल्याने रांग थांबली नाही. क्रमांक सांगितला की कार्ड हाती येत होते. अनेकांनी आपले नाव बोट फिरवून वाचले. एक आजोबा सूचीतले ‘क्ष’ चे पान उघडून बराच वेळ उभे होते, आणि त्यांना हवे असलेले पुस्तक सापडल्यावर त्यांनी दाखल क्रमांक चिठ्ठीवर लिहून घेतला.

आता नव्या सभासदांची नोंद त्याच एक्सेल फाइलमध्ये, त्याच रकान्यांत होते. २१ नवे सभासद झाले की एक कागद भरतो आणि तेवढ्याच नोंदींची पीडीएफ काढून छापखान्यात पाठवली जाते. तोपर्यंत त्यांना शिक्का मारलेली तात्पुरती पावती दिली जाते. मांडणीची फाइल, फाँट, छायाचित्रांचा फोल्डर आणि रकान्यांची माहिती देणारे एक पान असे सर्व साहित्य ग्रंथपालबाईंच्या संगणकावर आणि कार्यकारिणीच्या सचिवांकडील हार्ड डिस्कवर ठेवले आहे. ग्रंथसूचीची पुरवणी दरवर्षी जानेवारीत काढायची, असा ठराव मार्चच्या सभेत मंजूर झाला.